तिच्या खिडकीबाहेरचा सिंह

अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा आमचा पुण्यातल्या बायकांचा एक ऑनलाइन गट आहे. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकून चुका काढायच्या. चुका काढायचं काम माझ्याकडे. जन्म पुण्यातला, त्यामुळे वेगळं शिक्षण घ्यावं लागलं नाही.

माझ्या वाट्याला आलेली बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, मी घर सोडून आलेय. घरचे मला शोधतायत. कुठे राहते, तेवढं विचारू नका." मी विचारलं नाही. माझ्या चौकस स्वभावाला ते किती जड गेलं, माझं मला ठाऊक.

दुपारी जेवण झालं की कर्वेनगरच्या माझ्या खोलीत पडदे ओढायचे, इयरफोन लावायचे आणि आडवं व्हायचं. ती भूगोल वाचायची. नद्या डोंगरांतून उतरायच्या, सपाटीवर पसरायच्या, आणि अर्धवट झोपेत मीही त्यांच्याबरोबर वाहत जायची. तिच्या आवाजामागे कधी कुकरची शिट्टी, कधी एखादा मोर. चेहरा न पाहिलेली ही बाई मला फार आवडायला लागली होती.

एका दुपारी वाळवंटाच्या धड्यात सिंहाची डरकाळी आली. मी ताडकन उठून बसले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सोडले, तर पुण्यात अशी डरकाळी फोडायची सोय एकाच ठिकाणी आहे, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात.

मग काही दुपारी मी झोपेत कात्रजला हिंडले. कुंपणालगतच्या इमारती, वाळत घातलेल्या साड्या, कुठेतरी एक उघडी खिडकी. पण मला जे कळलं, ते तिला शोधणाऱ्यालाही कळलं असतं. सांगावं, तर मला ठिकाण लागलं म्हणून ती गटच सोडून जाईल, अशी भीती. शेवटी लिहिलं, "धडा पुढे पाठवलेला नाही. मागे सिंह ऐकू येतोय. खिडकी लावून पुन्हा वाचा. मी कुणाला बोलणार नाही."

उत्तर आलं नाही. मी दुपारी इयरफोन लावून नुसतीच पडून राहायची. तिच्या आवाजाशिवाय झोप येईना.

मग एकदाचा धडा आला. स्वच्छ, बंद खिडकीआडचा. पाठोपाठ आणखी एक रेकॉर्डिंग, गटाला नाही, फक्त मला. त्यात ती काहीच वाचत नव्हती. खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला, मग मोर, आणि बऱ्याच वेळानं सिंह.