गुलाबी मोटर

रोज संध्याकाळी गणपतभाऊ होडीची मोटर खांद्यावर घेऊन आमच्या गल्लीतून घरी जायचे. धरणात मासे धरणारे बाकीचे लोक मोटर होडीलाच साखळीने बांधून ठेवत. यांचा साखळीवर विश्वास नव्हता.

"तीस किलो हाय," ते सांगायचे. मी एकदा ती आमच्या कापसाच्या काट्यावर ठेवली. सत्तावीस भरली.

"तुमचा काटा बरोबर हाय," ते म्हणाले, "पण घरी जाईपर्यंत ती तीसची होते."

त्यांचं घर त्या मोटरवर चालत होतं. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो गुलाबी रंग त्यांनी नव्याकोऱ्या मोटरला फासला आणि छिन्नीने मोठ्या अक्षरांत बायकोचं नाव कोरलं: सुमन.

मी म्हटलं, "चांगल्या वस्तूची काहून वाट लावून राहिले?"

"भाऊ, चोराले मोटर नाही पायजे, गिऱ्हाईक पायजे. आपण गिऱ्हाईकच तोडून टाकू."

"मग स्वतःचं नाव टाकायचं."

"माह्यं नाव भंगारात गेलं तर चालते. हिचं गेलं तर मले घरात जेवाले भेटन का?"

एकदा धरणावरच त्यांना ताप भरला, मोटर होडीवरच राहिली आणि चोरीला गेली. लोधीखेड्याच्या भंगारवाल्याने रंग पाहिला, नाव वाचलं आणि चोराला हाकलून लावलं. दुसऱ्या दिवशी मोटर रस्त्याकडेच्या झुडपात सापडली.

मागच्या उन्हाळ्यात गणपतभाऊ हृदयविकाराने गेले. मुलगा नागपूरला कंपनीत. तो आईला म्हणाला, मोटर विकून टाक. मी सुमनवहिनींना घेऊन आधी सौंसरला गेलो, मग पांढुर्ण्याला. मोटरची पावतीही दाखवली. सगळीकडे उत्तर एकच: "तुमचीच असन बाई, पण हे मी पुढं कोणाले विकू?"

परतताना वहिनींनी मोटरवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चोरापासून वाचवता वाचवता या बुढ्यानं माह्यापासूनही वाचवली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "नाव माह्यं हाय न, भाऊजी? मग मीच चालवीन."

जाळं त्या लग्नापासून टाकत आल्या होत्या. मोटर तेवढी शिकायची राहिली होती. तीही त्या महिनाभरात शिकल्या.

आता संध्याकाळी मोटर त्यांच्या खांद्यावरून जाते. परवा आमच्या ओट्याला टेकल्या, तेव्हा मी विचारलं, "जड होते का, वहिनी?"

"तुम्ही सत्तावीस म्हणत होते न?" त्या म्हणाल्या. "ते बरोबर सांगत. तीसच हाय."