लिंबू खोचलेलं मल्टिटूल

माझं मल्टिटूल नवरदेवाच्या हातात होतं, पात्याच्या टोकावर लिंबू खोचलेलं होतं, आणि बस रस्त्यात बंद पडली होती. दिघोरीहून पवनीला निघालेली वरात. मुहूर्त दुपारचा. संध्याकाळी तोच हॉल दुसऱ्या लग्नाला दिलेला. म्हणजे उशीर झाला तर लग्न लावायला जागाच नाही, अशी गत.

मी बसचा मिस्त्री. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं खोलली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे लागलो. त्याच्या बस जुन्या. लग्नसराईत लांबची वरात असली की तो मला सोबत पाठवतो. डॉक्टर सोबत असला की पेशंट आजारी पडत नाही, असं त्याचं म्हणणं.

आता मल्टिटूलचं सांगतो. पक्कड, चाकू, स्क्रू-ड्रायव्हर असं सगळं एकाच मुठीत मावणारं हत्यार. मी तीन-चार वापरून फेकली. पहिलं घेतलं तेव्हा त्यात किती हत्यारं आहेत एवढंच बघितलं होतं. त्यात माशाचे खवले काढायचंसुद्धा होतं, पण पक्कड इतकी लेचीपेची की खिळा धरला तर तीच वाकायची. तेव्हापासून माझे नियम ठरले. पक्कड दणकट हवी. चाकूच्या पात्याला लॉक हवं, म्हणजे उघडल्यावर ते आपोआप मिटून बोटांवर येत नाही. आणि वजन इतकंच हवं की पॅन्ट खाली ओढली जाऊ नये. तिसरा नियम माझ्या बायकोचा.

ते नवरदेवाच्या हातात कसं गेलं? आमच्याकडे नवरदेव घरून निघतो तेव्हा त्याच्या हातात कट्यार देतात. टोकाला लिंबू. कोणाची नजर लागू नये, बाधा होऊ नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. या घरची मंडळी दरवेळी गावातली एकच जुनी कट्यार मागून आणत. त्या दिवशी गावात लग्नं दोन. कट्यार पहाटेच दुसऱ्या नवरदेवासोबत निघून गेली. इकडे बस स्टार्ट आणि घरात कल्ला. स्वयंपाकघरातला विळा पुढे आला, तो मुलाच्या आईने परत पाठवला. एवढ्यात नवरदेवाच्या सुमनआत्याचं लक्ष माझ्या कमरेकडे गेलं.

"मिस्त्री, ते काय जी लटकवलं?"

मी पातं उघडून दाखवलं. लॉक खट्ट वाजलं. आत्याबाई खूश.

"हे लोखंडच हाये ना?"

"स्टील आहे. म्हणजे लोखंडच."

"मंग झालं तं!" त्यांनी लगेच हळद-कुंकू लावलं, लिंबू खोचलं आणि भाच्याच्या हातात दिलं. लग्नघरात आत्याबाईंपुढे कोण बोलणार?

अर्धा रस्ता गेल्यावर एका तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, इंजिनाने गचके खाल्ले. दोनदा धडधडलं आणि बंद. ड्रायव्हर दिलीप सेल्फ मारत राहिला. इंजिन नुसतं फिरायचं, सुरू व्हायचं नाही. हे लक्षण मला झोपेतही ओळखता येतं. डिझेलमध्ये हवा शिरली की असं होतं. आम्ही त्याला एअर लॉक म्हणतो. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि डिझेल पुढे सरकत नाही. उसाच्या रसात पाइप नीट बुडला नाही की तोंडात नुसती हवा येते, तसंच.

खाली वाकून बघितलं. टाकीकडून येणारा रबरी पाइप जिथे लोखंडी पाइपवर चढवलेला असतो, तिथे त्याला चीर गेली होती. काम सोपं. क्लिप सैल करायची, चिरलेलं टोक कापायचं, पाइप परत चढवून क्लिप आवळायची. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून इंजिनावरच्याच छोट्या हातपंपाने हवा काढायची.

"दिलीप, टूलबॉक्स काढ."

दिलीप डोकं खाजवायला लागला. "डिक्कीत जागाच नव्हती ना जी. पोट्ट्यायचे डीजेचे बॉक्स ठेवाचे होते. मंग टूलबॉक्स तेथीच ठेवला, मांडवात."

मी मालकाला फोन लावला.

"दुसरी गाडी साकोलीहून निघेल मिस्त्री, पण पंगती उठायच्या वेळेला पोहोचेल. तुमच्याजवळ ते आहे ना, कमरेला?"

"आहे. पण ते सध्या कट्यार आहे."

"म्हणजे?"

"सांगतो नंतर," म्हणून मी फोन ठेवला.

नवरदेव प्रफुल. पतसंस्थेत कॅशियर. सरळ पोरगा. खिडकीजवळ मल्टिटूल छातीशी धरून बसला होता आणि घामाने न्हाला होता. पुन्हा पुन्हा मोबाइल बघत होता. नवरीकडून तिसरा फोन येऊन गेला होता. "मले मोटरसायकलवर पाठवा न कोणासंगं," तो म्हणाला.

"एकटा?" आत्याबाई कडाडल्या. "मायबाप बसमधी, भटजी बसमधी, मंगळसूत्र बसमधी, अन् नवरदेव मोटरसायकलवर? पळून लग्न करून राहिला का बे?"

मी म्हटलं, "आत्याबाई, माझं हत्यार थोडा वेळ द्या. त्याच्या हातात दिलीपचं जॅकचं हँडल देऊ. तेही लोखंडच."

"आता कसं बदलता जी? हळद-कुंकू लागलं त्याले. कट्यार बदलली तं नवरी बदलली समजा!"

नवरी बदलायची कोणाचीच इच्छा नव्हती. प्रफुलने तर हत्याराची मूठ आणखी घट्ट आवळली. तेवढ्यात तोच म्हणाला, "मिस्त्रीकाका, हे माह्या हातातून नाही सुटलं पायजे, एवढंच ना? मंग मीच करतो. तुम्ही सांगा फक्त."

मी त्याच्याकडे बघितलं. मोतिया रंगाची शेरवानी, कपाळाला बाशिंग. नोटा मोजणारे मऊ हात. बसखाली धूळ, वर डिझेल. पण पोराच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नाही म्हणवेना.

"बाशिंग काढ," मी म्हटलं.

"बाशिंग नाही काढाचं!" आत्याबाई.

रस्त्यावर सतरंजी अंथरली. लिंबू आत्याबाईंनी पदरात सांभाळलं. मी म्हटलं, क्लिपला स्क्रू-ड्रायव्हर लागेल, म्हणजे आधी पातं मिटावं लागेल. पातं मिटलं तर ती कट्यार राहते का, यावर बसशेजारी बराच खल झाला. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला, "उघडं असो का मिटलं, हातात असलं म्हंजे झालं." हायकोर्टसुद्धा इतकं सरळ बोलत नसेल.

आम्ही दोघं बसखाली सरकलो. मी पाइप धरला, त्याने स्क्रू-ड्रायव्हर उघडला.

"डावीकडे फिरव."

"कोणाच्या डावीकडे?"

"तुझ्या! हळू. स्क्रू मोडलास तर लग्न मोडेल."

क्लिप सैल झाली. त्याने पातं उघडलं, खट्ट. मी सांगितलं, पातं आपल्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला चालवायचं, आणि एका दमात सरळ कापायचं. तिरपं कापलं की पुन्हा हवा ओढणार. पहिल्यांदा पातं घसरलं. लॉक नसतं तर त्या दिवशी अंगठी घालायला बोट उरलं नसतं. दुसऱ्यांदा त्याने ओठ आवळून असं सरळ कापलं की मी शाबास म्हटलं. डिझेलचा ओघळ त्याच्या कोपरापर्यंत गेला. पाइप चढवला, क्लिप आवळली. बाहेर येऊन पकडीने फिल्टरचा बोल्ट सैल केला. मी हातपंप मारत होतो. आधी नुसता फेस आला. मग बुडबुडे. मग स्वच्छ डिझेलची धार.

"आवळ!"

त्याने बोल्ट आवळला. दिलीपने सेल्फ मारला. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

त्यानंतर जे झालं ते मी वर्कशॉपमध्ये कधी बघितलं नव्हतं. पोट्ट्यांनी डिक्कीतूनच डीजे लावला. भटजीसकट सगळी वरात तलावाच्या पाळीवर नाचायला लागली. पाण्यात बसलेल्या म्हशीसुद्धा उठून उभ्या राहिल्या. प्रफुल मल्टिटूल उंच धरून नाचत होता आणि आत्याबाई त्याच्यामागे लिंबू घेऊन धावत होत्या. मीही नाचलो. गुडघे दुखतात, हे त्या वेळी गुडघ्यांनाही आठवलं नाही.

दिलीपने गाडी हाणली. हॉलच्या दारात नवरीची आई आरती घेऊन उभी होती, बाकीचे लोक रस्त्याकडे डोळे लावून. घाई इतकी की हात धुवायला कोणी सवड दिली नाही. मी स्टेजजवळच उभा राहिलो. एक तर माझं हत्यार तिकडे होतं आणि दुसरं म्हणजे मला तिथून हलवेना. मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. अंतरपाट खाली गेला आणि नवरीने पहिल्यांदा बघितलं. बाशिंग वाकडं, कोपराला डिझेल, बोटं काळी ठिक्कर.

"हात काळे काहून?" ती हळूच म्हणाली.

"तुह्याकडेच येऊन राहिलो होतो," प्रफुल म्हणाला.

ती एवढं हसली की हार घालताना तिचा नेम चुकला. मग तिने तो काळा हात धरला, आणि फोटोवाला 'मॅडम, साडीला डाग लागेल' म्हणत राहिला, तरी सोडला नाही. माझे डोळे भरून आले. इंजिनं सुरू होताना मी हजार वेळा बघितली, पण संसार असा सुरू होताना नाही.

हल्ली लोक मला विचारतात, मिस्त्री, कोणतं मल्टिटूल घ्यावं? मी कंपनी सांगत नाही, किंमत सांगत नाही. एवढंच सांगतो, दुकानात आपल्या हातात घेऊन बघू नका. सोबत कोणी नवशिका न्या आणि त्याच्या हातात देऊन बघा. त्याला न सांगता उघडता आलं, बोट न कापता मिटता आलं, तर घ्या. वेळेला ते कोणाच्या हातात असेल ते आपण ठरवत नाही.