आपल्यात नसलेली डाळ

अण्णा गेले तेव्हा मी हडपसरला ऑफिसात होते. विनयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. अण्णा गेले असं तो म्हणालाच नाही. "तू आधी आत्याकडे जा, तिला फोनवर सांगता येणार नाही," एवढंच बोलला आणि मला कळलं. अण्णा माझे सासरे. आत्या ही त्यांची धाकटी बहीण, शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहणारी. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, माहेर म्हणून जे काय होतं ते दादा, म्हणजे अण्णा. रिक्षात मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते, पण एकही उपयोगी पडलं नाही. दार उघडल्यावर माझ्या तोंडाकडे बघून आत्या मागे सरकल्या आणि भिंतीला हात टेकवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवला होता का?" मी म्हटलं, "हो. जेवून खुर्चीत बसले होते... तिथेच." "काय जेवला?" "डाळभात." त्यांनी मान हलवली, आत जाऊन गॅस बंद केला आणि चपला घातल्या. कसली डाळ हे त्यांनी विचारलं नाही. त्या डाळीपायीच त्यांनी सख्ख्या भावाच्या घरी कित्येक वर्षं घास खाल्ला नव्हता.

मी मूळची वर्ध्याकडची. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहू लागल्या होत्या, आणि कॉम्प्युटरवर काम करणारी सून घरात आली म्हणजे नेमकं काय होतं, याचा कुणालाच अंदाज नव्हता. लग्न होऊन बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. अण्णा हडपसरच्याच एका कारखान्यात चेकिंगला होते. बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, नवी यंत्रं आली, माणसं जास्त वाटायला लागली, आणि आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत अण्णांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," असं ते भेटेल त्याला सांगत. ऐकणारा हसे, तेही हसत. पण सकाळी ठरल्या वेळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत उभे राहत आणि माझी बस येऊन गेली की आत येऊन शर्ट बदलत. ते बघताना मला फार वाईट वाटे. ज्या रस्त्याने ते इतकी वर्षं कामाला गेले त्याच रस्त्याने मी जात होते, आणि ते मागे राहत होते.

आमची मुलगी झाली आणि घराची घडी पार विस्कटली. स्वयंपाकाच्या बाई टिकेनात. नात्यातल्या दोघीचौघी येऊन, "आता वैशाली नोकरी सोडेलच," असं माझ्यासमोरच अण्णांना सांगून गेल्या.  दुसऱ्या दिवशी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "डाळभाताचं माझ्याकडे राहू दे. बाकीचं तुम्ही दोघं बघा." आयुष्यात त्यांनी चहासुद्धा केला नव्हता. शिवाय त्यांना कुकरची भीती वाटे. सासूबाई असताना एकदा कुकरचा वाल्व उडून डाळ छताला लागली होती. रंग दिला तरी तो डाग पुन्हा वर येई, आणि अण्णा त्याच्याकडे बघितल्याशिवाय गॅसपाशी जात नसत. मी त्यांना डाळ आणायला सांगितलं. कुठली ते सांगायचं राहिलं, कारण डाळ म्हणजे तूर हे कुणाला सांगावं लागतं असं मला वाटलं नाही. ते वाण्याकडे गेले, पोत्यांतून नजर फिरवली आणि जी देखणी दिसली ती, केशरी रंगाची, घेऊन आले.

उघड्या पातेल्यात डाळ चढवून ते पेपर वाचत बसले. डाळ शिजायला फार वेळ लागतो, असं त्यांनी सासूबाईंकडून ऐकलेलं. अग्रलेख संपायच्या आत पातेलं उतू गेलं. धावत जाऊन बघतात तर केशरी रंग पार गेलेला, डाळ पिवळीधमक, वरणासारखं वरण. त्यांनी हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि रात्री आम्हाला वाढलं. मला पहिल्या घासाला कळलं. होस्टेलवर एका शेगडीवर आम्ही मुली हीच डाळ करून खायचो. मी पुडा दाखवून म्हटलं, "अण्णा, ही मसुराची आहे." विनयचा हात ताटातच थांबला. या घरात मसूर येत नसे. कांदा-लसूण चातुर्मास सोडून चाले, मसूर मात्र बारा महिने बंद. का, असं विचारलं की "आपल्यात नाही" हे उत्तर; त्याच्यापुढे प्रश्न नसे. अण्णांच्या आईने पाळलं, सासूबाईंनी पाळलं. अण्णांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "आता खाल्लीच आहे तर नीट खाऊ," आणि पुन्हा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुडा उरलाय, टाकून कसा द्यायचा. पुडा संपल्यावर दुसरा आला, त्याचं मात्र काही कारण त्यांनी दिलं नाही. कारण सरळ होतं. ही डाळ भिजवावी लागत नव्हती, कुकर मागत नव्हती, आणि माझी बस यायच्या आत डब्यात भरून होत होती.

मग त्यांना तिचा नाद लागला. डाळ धुवायची ती पाणी नितळ निघेपर्यंत, उकळी येताना वर येणारा फेस पळीने काढून टाकायचा, हळद आधी, मीठ नंतर. चिंच-गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी केली तेव्हा, "आईचा मसाला या डाळीत म्हणजे दुहेरी पाप," असं स्वतःच म्हणाले. मी त्यांना आमच्याकडची डाळभाजी शिकवली, पालक बारीक चिरून डाळीतच शिजवायचा आणि वरून लसूण-लाल मिरचीची चुरचुरीत फोडणी. त्यावर ते खूश झाले, पण "तुमच्याकडे तिखट मोजत नाहीत का?" हे ऐकवायला विसरले नाहीत. हिवाळ्यात वांगी घालून, मुलीला बरं नसलं की पातळ खिचडी. डाळ भिजवून, आलं-मिरची घालून वाटली की तिची धिरडी होतात हा शोध त्यांचा स्वतःचा, निदान तसं ते मानत. उरलेली डाळ कणकेत मळून दुसऱ्या दिवशी पराठे. अख्खा मसूर शनिवारी. फडक्यात बांधून मोड आणायचे, कांदा-खोबऱ्याचं वाटण, दोन आमसुलं. माझ्या ऑफिसातली पोरं डबा उघडला की विचारायची, "मॅम, आज अण्णा स्पेशल काय?" हे मी घरी येऊन सांगितलं की ते ऐकू न आल्यासारखं करत आणि थोड्या वेळाने, "काय म्हणाली पोरं?" म्हणून पुन्हा विचारत.

आत्या दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत. अण्णा शनिवारीच सगळं ठरवून ठेवत, आणि रविवारी तूर विनय कुकरला लावे. अण्णांनी मसुराचा डबा लपवला नव्हता, सांगितलंही नव्हतं. एका रविवारी आत्या साखर शोधत होत्या आणि हाताला तो डबा लागला. झाकण उघडून त्यांनी बघितलं, परत लावलं. "दादा, हे काय?" "मसूर." "कुणासाठी?" "आमच्यासाठी. मीच करतो." आत्यांनी आपला पाट भिंतीकडे सरकवला. पानं वाढलेली होती. म्हणाल्या, "मला आज उपास आहे, लक्षातच राहिलं नाही." कसला उपास, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी आल्या की त्यांना उपासच असे. येणं सोडलं नाही त्यांनी, हे मी मुद्दाम सांगते. रविवार चुकवला नाही. अण्णांशी गप्पा मारत, नातीची वेणी घालत, चहा घेत, कारण चहाचं भांडं वेगळं असतं. आम्ही जेवायला बसलो की गॅलरीत जाऊन उभ्या राहत.

मला राग येई. तो यायलाच हवा होता, कारण त्रास व्हायचा तो अण्णांना. बहिणीची पाठ दिसत असताना ते जेवत, आणि लवकर हात धुवून गॅलरीत जात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, बंद करू या मसूर. एका डाळीसाठी कशाला?" ते कपाटाला पाठ टेकून उभे होते. म्हणाले, "एका जागेवरून उठवलं मला, मी उठलो. इथे मी माझ्या हाताने करतो आणि तू ते घेऊन कामाला जातेस. आता इथूनही उठू का?" मग म्हणाले, "तिने एकदा जेवावं माझ्या हातचं. एवढंच आहे बघ माझं." पुढची सगळी वर्षं त्यांना हवं होतं ते हेच.

एका राखीपौर्णिमेला त्यांनी नवा कुकर आणला. नवी पातेली, नवी पळी, नव्या वाट्या, मसुराचा वारा न लागलेलं सगळं. तूर भिजवली. विनय लावून देतो म्हणाला, तर त्याला बाहेर पाठवलं. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते, म्हणून मला दिसले. कुकर चढवून ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते, डोळे छताच्या डागावर, आणि शिट्टी झाली की त्यांचे खांदे वर जात. पण जागचे हलले नाहीत. नारळीभात, तुरीचं साधं वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. आत्या आल्या, राखी बांधली, ओवाळलं. अण्णा त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले आणि मांडामांड दाखवली. "सगळं नवं आहे. तू बघ." आत्यांनी खरंच बघितलं, एकेक भांडं. नंतर फार हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, कशाला एवढा त्रास घेतलास. मला उपास आहे रे." भांडी नवी होती, करणारे हात तेच होते. अण्णांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. त्या दिवशी आम्ही ते वरण संपवलं, ते जेवले नाहीत. कुकर पुन्हा खोक्यात गेला आणि हा विषय त्यांनी परत काढला नाही. आत्यांकडे ते जात तेव्हा मात्र पोटभर जेवून येत आणि, "तिच्या हाताला आईची चव आहे," असं सांगत. माझ्या मनात येई, हिच्या जिभेला तुमच्या हाताची चव कधी कळणार? 

तेराव्याला स्वयंपाक बाहेरून आला होता, म्हणून आत्या आमच्या घरी जेवल्या. मी त्यांना वाढत होते. इतक्या वर्षांनी त्या या घरात पानावर बसल्या आणि ते बघायला अण्णा नव्हते... त्याच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना विचारलं होतं, मसुराची डाळ एका वाटीत अण्णांच्या नावाच्या पानावर ठेवली तर? गुरुजी बोलायच्या आधीच आत्या म्हणाल्या, "श्राद्धाला मसूर चालत नाही." मी म्हटलं, "त्यांना आवडायची, आत्या." "त्याला काय आवडायचं ते मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे," असं म्हणून त्या उठून गेल्या. मी त्यांच्याशी मनातून बोलणंच टाकलं.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "शनिवारी सकाळी ये. डबा आणू नकोस, इथे जेव." मी गेले ते कर्तव्य म्हणून. जिना चढतानाच वास आला आणि मी थबकले. आत गॅसवर छोटं पातेलं होतं, कोरं, दुकानातलं लेबल पूर्ण निघालेलं नव्हतं. आत्यांनी एकच पान मांडलं. भात वाढला आणि त्यावर डाळ. म्हणाल्या, "उद्या दादाला महिना होतोय. उद्याच्या श्राद्धाला हे चालत नाही. म्हणून आज केलं." आणि समोर पाटावर बसल्या. मी विचारलं, "तुम्ही?" "आपल्यात नाही," त्या म्हणाल्या, नेहमीसारख्याच.

मी कालवून घास घेतला. डाळ शिजून शिजून खळ झाली होती. मीठ अजिबात नव्हतं. त्यांनी चाखून बघितली नव्हती. देवाच्या नैवेद्याला चाखत नाहीत, तशीच केली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी खात राहिले, कारण त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, वाटीकडे, तोंडाकडे, पुन्हा हाताकडे. "दादाची अशीच व्हायची का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "नाही, आत्या. एवढा वेळ नाही ठेवत ही. ते जवळ उभे राहायचे." आणि मग मी सगळं सांगत सुटले, फेस कधी काढायचे, चिंच कधी घालायचे, फोडणीत लसूण कितपत तांबूस होऊ द्यायचे.  माझं पान झाल्यावर त्यांनी पातेलं स्वतः घासलं आणि बाकीच्या भांड्यांत न ठेवता खिडकीत एकटं पालथं घातलं. हात पुसत म्हणाल्या, "ते दादाचं. इथेच राहील. पुढच्या महिन्यात तू ये आणि तूच कर. मला येत नाही ती."