इंजिनाचा दम

युनूस मिस्त्री इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडाशी तळहात धरायचा आणि त्याला किती दम आहे ते सांगायचा. पंचावन्न साली चिखलीच्या सयाजीच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन काळा धूर ओकायला लागलं आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. रानात कांदा सुकत होता. मोटेचे बैल सयाजीनं इंजिन आलं तवाच विकले होते.

युनूसनं हात नेला, तर त्या तोंडावर गोणपाट आवळून बांधलेलं.

“धूळ जाती म्हून बांधलं,” सयाजी म्हणाला.

“बैलाच्या नाकाला असं बांधून मोट हाकली व्हती का कधी, सयाजीराव?”

“न्हाई.”

युनूसनं गोणपाट सोडलं. इंजिनानं तळहात ओढून धरला, धूर विरळ झाला, पाट भरला.

“आन धूळ?”

“जाळी बशिवतो,” म्हणत युनूसनं त्याच गोणपाटाला हात पुसले.