सूर्यभानजींचे दोन दगड

सूर्यभानजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी समन्सच लिहीत होतो. मी लिहायची आणि ती गावोगाव नेऊन बजावायची सूर्यभानजींनी, ते आमचे बेलीफ. सायकल, खांद्यावर खाकी पिशवी आणि पिशवीत दोन दगड... एक लहान, एक मोठा. त्या दगडांवरून आम्ही कारकुनांनी त्यांची काय कमी थट्टा केली! आज माझी मलाच लाज वाटते.

छप्पन साली आपण मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. झरीकडच्या जंगलातल्या एका कोलाम आदिवासीवर खुनाचा आरोप होता. असा खटला आधी तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढं उभा राहतो, मग तिथून यवतमाळला आमच्या सेशन कोर्टात येतो. त्या दिवशी भाऊ आपल्यासोबत होता, हे सांगणारी एकटी त्याची बहीण. तिचं समन्स मी लिहिलं, सूर्यभानजींनी नेलं. तारखेला तीनदा पुकारा झाला. बाई नाही. सरकारनं आरोपीला दिलेला वकील म्हणाला, "साक्षीदार सोडून देतो." भावाला जन्मठेप झाली.

बाई आली होती हो! पण तालुक्याच्या कोर्टात. भावाला आधी तिथंच उभं केलेलं, तिला तेच एक कोर्ट ठाऊक. तीन दिवस तिथल्या निंबाखाली बसून राहिली, आपलं नाव पुकारतील म्हणून.

"मी तिले 'कोर्टात ये' म्हनलं, बाबूजी," सूर्यभानजी ढसाढसा रडत म्हणाले. "कोनत्या, ते सांगतलंच नाही."

"समन्सवर लिहिलं होतं की," मी म्हणालो.

"तिले वाचता येते काय?"

अपील कोणी केलंच नाही. चौथ्या वर्षी भाऊ तुरुंगातच मेला.

तेव्हापासून ते दगड. समन्स देताना सूर्यभानजी दोन्ही जमिनीवर मांडायचे. लहान म्हणजे तालुक्याचं कोर्ट, मोठा म्हणजे यवतमाळचं. जिथं यायचं तो दगड साक्षीदाराच्या हातात. "हा घेऊन ये. कोनतं कोर्ट, सांग बरं?" त्यानं बरोबर सांगेपर्यंत हे उठायचे नाहीत. मग दिलेल्याच्या जागी वाटेत तसाच दुसरा दगड उचलायचे. माणसं खरंच दगड घेऊन यायची. आमच्या पायरीजवळ त्यांचा ढीग झालाय.

नवा बेलीफ चलाख आहे. अंगठा घेतो, निघतो. परवा पुन्हा तीनदा पुकारा झाला, कोणी उठलं नाही. मी बाहेर गेलो, ढिगातला एक दगड उचलला आणि त्याच्या पिशवीत टाकला.

"हे कायले, बाबूजी?" त्यानं हसत विचारलं. मीही असाच हसायचो.

"हसू नको," मी म्हणालो. "बस इथं. हा दगड कशाचा, ते सांगतो."