शिवराम भगत वाशीला जातो

सानपाडा गावात कुणाची झोप उडाली, कुणाची सून अबोल झाली, की लोक अंगाऱ्यासाठी शिवराम भगताकडे यायचे. १९८६ साली वाशीत एका बाईंनी समुपदेशन केंद्र काढलं आणि शिवरामचं अंगण ओस पडलं. शेजारची जाईबाईसुद्धा तिकडे जाऊ लागली.

"बाई काय देते तुला?" त्याने विचारलं.

"काय नाय. निस्ती आयकते."

शिवरामचा जळफळाट झाला. बाईंचं बिंग फोडायला तो पेशंट बनून गेला. झोप येत नाही, असं खोटंच सांगितलं.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मी एकलाच. पोरगा कलंबोलीला हाय. जमिनीच्या पैशावरून भांडलो. सा वरसं बोलला नाय."

हे सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं. बाई मध्ये बोलल्या नाहीत, म्हणून तो तासभर बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "मी सगल्यांचा आयकला. मना कोनी इचारला नाय."

"पुढच्या बुधवारी या," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर जाईबाई बसली होती. ती आत गेली, दार लागलं. शिवराम जिन्यातच थांबला. बाई आता हिचंही तसंच ऐकणार, हे त्याला सोसेना.