विम्याचे काका
तळलेल्या कढीपत्त्याचा वास आला की माझं डोकं अजून सणकतं. भोपाळच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी आईनं चिवडा केला होता, कारण विम्याचे काका येणार होते. तिथली सगळी मराठी घरं विमा त्यांच्याकडूनच उतरवायची. गणपती मंडळाचे ते सचिव, त्यांना नाही कोण म्हणणार? पण गाडी माझी होती, माझ्या पगारातून घेतलेली लाल स्पोर्ट्स कार, आणि चार कंपन्या ताडून बघून पॉलिसीही मीच ठरवली होती. तिचा हप्ता थोडा जास्त होता, पण मोडलेल्या भागाची भरपाई, तो जुना म्हणून, कापली जाणार नव्हती. काका बाबांकडे बघत म्हणाले, "फालतू खर्च आहे हो. ही काय रोज चालवणार आहे?" बाबांनी मान डोलावली. बाबा टाउनशिपच्या टर्बाइन बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मी विचारलं, "टर्बाइनसुद्धा तुम्ही शेजाऱ्याचं तोंड बघून पास करता का?" आणि काकांना वगळून मी ठरवलेलीच पॉलिसी थेट कंपनीकडून घेतली. पुढे शहरातल्या करोंदजवळ रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकनं गाडीचं नाक चेपलं, तेव्हा कंपनीनं पूर्ण भरपाई दिली. त्या वर्षी आरतीनंतर बाबा काकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "यांच्या पॉलिसीमुळे वाचलो." काका नुसते हसले, आणि मी प्रसाद हातात धरून उभी राहिले. गाडी कधीच विकली. पण टाउनशिपमधलं कुणी भेटलं की अजून विचारतं, तुझी ती लाल गाडी काकांनी वाचवली होती ना?